विजयाताई आणि ‘ए’ची सीमा

तमाम मराठी वाचकांना, विशेषतः पस्तीसला पास आणि साठला फर्स्ट क्लास ही दगडावरची रेघ मानून मोठ्या झालेल्यांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की इंग्लंडमध्ये ‘ए’ ग्रेड किती गुणांपासून सुरू होते हे परीक्षेच्या दिवशी कुणालाही माहीत नसतं. मुलांना नसतं, शिक्षकांना नसतं, पेपर काढणाऱ्यालाही नसतं. ते नंतर ठरतं. जुलै महिन्यात, मोटरवेलगतच्या एखाद्या हॉटेलात, खिडक्या न उघडणाऱ्या खोलीत, काही दमलेली माणसं आणि एक बिस्किटांची बशी यांच्या साक्षीने ठरतं. मी त्या खोलीत होतो. बिस्किटं सर्वांत जास्त मीच खाल्ली.

त्या दमलेल्या माणसांत सर्वांत जास्त दमलेल्या होत्या विजया परांजपे. ए-लेव्हलच्या, म्हणजे तिकडच्या बारावीच्या, रशियन पेपरच्या मुख्य परीक्षक. त्यांची एक सवय होती. समोरच्याचं मत पटलं नाही की त्या टेबलाखाली बूट काढायच्या. आधी एक, मग दुसरा. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, हात घडी घातलेले, चष्मा नाकावर, फक्त खालून टप् असा आवाज यायचा. बैठकीचे अध्यक्ष व्हिटलॉक हे उंच, सौम्य, चॉकलेटी कोटातले गृहस्थ. त्यांना वीस जणांनी विरोध केला असता तरी त्यांनी वाक्य पूर्ण केलं असतं. पण टप् झालं की ते अर्ध्यावर थांबायचे. दुसरं टप् झालं की चहा मागवायचे.

दोन हजारनंतरची ती वर्षं. मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला सॉफ्टवेअरवाला, लंडनच्या कडेला हॅरोत राहत होतो आणि एका परीक्षा मंडळात आकड्यांचं काम करत होतो. बोर्डाचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी फरक पडणार नाही, सगळीकडची बिस्किटं सारखीच. माझं काम म्हणजे बैठकीत लॅपटॉप जोडून पडद्यावर आलेख दाखवणं. पहिल्याच बैठकीत विजयाताई माझ्या शेजारी येऊन बसल्या, पर्समधून चिवड्याचा डबा काढला आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, “आकडेवाला तूच का? बस. आता तुझे आकडे आणि माझे डोळे यांचं भांडण लागणार आहे. मनावर घेऊ नकोस. आणि चिवडा त्या लोकांना दाखवू नकोस, पुरणार नाही.”

भांडण असं असायचं. एखाद्या वर्षी पेपर अवघड निघतो, एखाद्या वर्षी सोपा. मग सीमा तीच ठेवली तर अवघड वर्षीच्या मुलांनी काय घोडं मारलं? म्हणून दर वर्षी सीमा नव्याने आखायची. संगणक सांगतो, गेल्या वर्षी इतक्या टक्के मुलांना ‘ए’ होती, यंदा तितक्यांनाच द्यायची तर सीमा अमुक गुणांवर येते. हे झाले माझे आकडे. मग परीक्षक उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन बसतात. वरून खाली वाचत येतात: हा ‘ए’, हाही ‘ए’, हा ‘ए’ आहे की नाही कोण जाणे. मग खालून वर जातात: हा नाही, हाही नाही, हा असेल कदाचित. मध्ये तीन-चार गुणांचा संशयाचा पट्टा उरतो, आणि त्या पट्ट्यात कुठेतरी रेघ मारायची असते. हे झाले विजयाताईंचे डोळे. असं फक्त ‘ए’ आणि सर्वांत खालची ‘ई’ या दोन सीमांसाठी करतात. मधल्या बी, सी, डी गणिताने समान अंतरावर कापल्या जातात, वडीच्या ताटासारख्या.

हे सगळं मी फोनवर आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे आधी पोरांना पळवायचं आणि शर्यत कुठे संपली ते मागाहून ठरवायचं? मी विजयाताईंना हे सांगितलं. त्यांनी चष्मा पुसत थोडा विचार केला. “तुझी आई बरोबर बोलते,” त्या म्हणाल्या, “फक्त वारा कुठून होता ते बघून ठरवतो, एवढंच आपलं पुण्य.”

विजयाताई पुण्याच्याच. ज्या काळात पुण्यात रशियन पुस्तकं वडापावाच्या भावात मिळायची त्या काळात त्या रशियन शिकल्या, शिष्यवृत्तीवर मॉस्कोला गेल्या, आणि लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागे इंग्लंडात आल्या. हॅरोशेजारच्या पिनरमध्ये घर, हॅरोच्या एका सरकारी शाळेत नोकरी. तिथे त्यांनी तीस-एक वर्षं इंग्रज, गुजराती, आयरिश, तमिळ पोरांना रशियन शिकवलं. एका मराठी बाईने इंग्लंडात रशियन शिकवणं यात काही गंमत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. कुणी आश्चर्य दाखवलं की म्हणायच्या, “मग काय पोळ्या शिकवू?”

दमणं हा त्यांचा स्थायीभाव होता. भेटल्यावर कशा आहात विचारलं तर म्हणायच्या, “दमलेय, पण थांबायची परवानगी आलेली नाही.” जून-जुलैत शंभरावर पेपर तपासायचे, शाळा चालू, घरी नवऱ्याची बायपास झालेली. बैठकीला येताना डोळ्यांखाली काळं आणि पायाला सूज. बूट काढण्यामागे तत्त्वाचा भाग किती आणि सुजेचा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण उत्तरपत्रिका हातात घेतली की त्यांचा आवाज खाली यायचा, देवघरात बोलावं तसा. “गुण मुलाचे असतात, मिलिंद,” त्या मला सांगायच्या. “ग्रेड आपली असते. गुण त्याने मिळवले, ग्रेड आपण दिली. त्यामुळे चूक झाली तर ती कुणाची ते बघ.”

रशियनमध्ये एक खास दुखणं होतं. पडद्यावर बाकी विषयांचा आलेख टेकडीसारखा दिसायचा, मध्ये फुगलेला. रशियनचा मात्र दोन मदारींचा उंट. पहिली मदार शाळेत शून्यापासून शिकलेल्यांची. दुसरी, उजवीकडची, घरात आईशी रशियनमध्ये भांडत वाढलेल्यांची. सोव्हिएत राज्य गेल्यावर लंडनात आलेल्या घरांतली ही मुलं. त्यांचाही दोष नाही, आमच्या हॅरोत गुजरातीचा पेपर देणाऱ्या मुलांचं तेच आहे. पण दुसरी मदार दर वर्षी वाढत होती. टक्केवारी गेल्या वर्षीइतकीच ठेवायची म्हटलं की सीमा वर सरकायची, आणि पहिल्या मदारीवरची, रोज शब्द पाठ करून, क्रियापदांशी झोंबून वर आलेली मुलं ‘ए’च्या खाली घसरायची. सीमा वर सरकवली नाही तर ‘ए’वाल्यांची संख्या वाढायची, आणि ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रं परीक्षा सोप्या झाल्या म्हणून गळा काढायची. व्हिटलॉकना वर्तमानपत्रांची भीती. विजयाताईंना पहिल्या मदारीची काळजी.

आता मुद्द्याचं सांगतो. एरवी सांगितलं नसतं, कारण त्या खोलीतलं खोलीबाहेर न्यायचं नाही हा आमचा नियम. विजयाताईंनी तो इतका पाळला की नोकरीत असेपर्यंत बायपास झालेल्या नवऱ्यालाही एक अक्षर कळलं नाही. पण त्या जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्या परीक्षेचा तो सगळा साचाही बदलला.

त्या वर्षी विजयाताई निवृत्त होणार होत्या, आणि त्यांच्याबरोबर शाळेतलं रशियनही. नवा माणूस नेमायचा नाही असं शाळेने ठरवलं होतं. शेवटच्या वर्गात शेवटची एकच विद्यार्थिनी उरली होती, जेस नावाची. बाप बस चालवायचा, घरात पासपोर्टही कुणाकडे नव्हता. या पोरीने रशियनमध्ये ‘ए’ मिळवली तर तिला केंब्रिजमध्ये जागा पक्की होती. ‘बी’ आली तर नव्हती. विजयाताईंनी हे मला बैठकीआधी चहाच्या वेळी सांगितलं, आणि लगेच म्हणाल्या की हे तू ऐकलं नाहीस. परीक्षकाने आपल्या शाळेच्या उत्तरपत्रिका तपासायच्या नसतात, त्यांच्यावर मतही द्यायचं नसतं. जेसचा पेपर कुणीतरी दुसऱ्याने तपासला होता. किती गुण पडले ते त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

सकाळी ‘ए’ची सीमा चर्चेला आली. उंट पडद्यावर उभा. माझे आकडे म्हणत होते चौसष्ट. विजयाताईंचं म्हणणं, पेपर यंदा अवघड होता, निबंधाच्या प्रश्नाने मुलांना घाम फोडलाय, बासष्टलाच ‘ए’ सुरू व्हायला हवी. दुसऱ्या परीक्षक गालिना, लेनिनग्राडहून आलेल्या जाडजूड, हसऱ्या बाई, दोन्हीकडे मान हलवत होत्या. व्हिटलॉकनी गेल्या वर्षीची टक्केवारी तिसऱ्यांदा सांगितली. टेबलाखाली दोन्ही टप् झाले. चहा आला.

मग बासष्टच्या उत्तरपत्रिका काढल्या. बोर्डाने नाव आणि शाळेचा क्रमांक यांवर कागद चिकटवून झाकलेल्या प्रती. ठरवून दिलेल्या एका कथेतल्या म्हाताऱ्या बापावर निबंध होता. विजयाताईंनी वरची प्रत उचलली, आणि मी इतक्या बैठकांत जे पाहिलं नव्हतं ते पाहिलं: त्या वाचता वाचता हसायला लागल्या. ओठ बंद ठेवून, एकट्याच. एक पान उलटलं. मग दुसऱ्या पानावर हसू थांबलं. त्यांनी प्रत बंद केली, टेबलावर पालथी ठेवली, खाली वाकून बूट घातले आणि उभ्या राहिल्या. त्या व्हिटलॉकना म्हणाल्या की ही माझ्या विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका आहे, या सीमेच्या चर्चेत मला बसता येणार नाही.

व्हिटलॉक गोंधळले. नाव तर झाकलंय, ते म्हणाले, तुम्हाला कळणार कसं?

“नाव झाकता येतं,” विजयाताई म्हणाल्या. “हात कसा झाकणार?”

त्याचं असं आहे. रशियन हस्ताक्षर सलग लिहिलं की काही अक्षरं नुसत्या लाटांसारखी दिसतात, कुठलं कुठे संपतं कळत नाही. म्हणून जुने शिक्षक एका अक्षराच्या डोक्यावर छोटी रेघ द्यायला शिकवत आणि दुसऱ्याच्या पायाखाली. नवे शिकवत नाहीत. विजयाताई हट्टाने शिकवायच्या. “अक्षराला डोक्यावर छप्पर आणि पायाखाली जमीन हवी,” हे त्यांचं वर्गातलं वाक्य. आम्हा शिरोरेघवाल्यांना हे सांगायला नको. आणि दुसरं, निबंधाची सुरुवात प्रश्नकर्त्याशी भांडून करायची, ही त्यांचीच शिकवण. प्रश्नात बाप दुष्ट आहे म्हटलंय? पहिलंच वाक्य लिहायचं की बाप दुष्ट नाही, भित्रा आहे. त्या प्रतीत छप्पर होतं, जमीन होती आणि पहिल्याच ओळीत भांडण होतं.

त्या बाहेर गेल्या. व्हिटलॉकनी मला ती उत्तरपत्रिका कुठल्या शाळेची ते सिस्टीममध्ये बघून ठेवायला सांगितलं, नोंदीसाठी. सिस्टीम तेव्हा हॉटेलच्या फोन लाइनवर चालायची, म्हणजे चालायची नाही. तोवर दोघांनी चर्चा पुढे नेली. गालिना म्हणाल्या की मला बासष्टही ‘ए’ वाटते, पण विजया नाही तर मी एकटी काय सांगणार. व्हिटलॉक चौसष्टवरून त्रेसष्टवर आले, गालिना बासष्टवरून त्रेसष्टवर आल्या. सभ्य माणसं मध्यावर भेटतात तशी भेटली. मी त्रेसष्ट टाइप केलं. आणि तेव्हा सिस्टीमने तोंड उघडलं. शाळा हॅरोची नव्हती. दूर उत्तरेकडची कुठलीतरी शाळा होती.

मी आनंदाने धावत बाहेर गेलो. विजयाताई कॉरिडॉरमधल्या मखमली खुर्चीत बसल्या होत्या, समोर हॉटेलचा लग्नाचा सेट-अप लागत होता, खुर्च्यांना पांढरे बो बांधत होते. मी त्यांना सांगितलं की ताई, ती जेस नाही. तुमच्या शाळेचीच नाही. तुम्ही नियमाने आत येऊ शकता, सही अजून झालेली नाही, सीमा पुन्हा चर्चेला घेता येते.

मला वाटलं, त्या उठतील. त्या बसून राहिल्या.

“उत्तरेकडची का?” त्यांनी विचारलं. मी गप्प राहिलो, पण माझा चेहरा कधीच गप्प राहत नाही. “मग ती कॅरोलाइनची मुलगी. म्हणजे विद्यार्थिनी. कॅरोलाइन माझ्या पहिल्या वर्गातली. आता तिकडे शिकवते. छपराला वैतागायची, पण बघ, शिकवतेय.”

मी म्हटलं, मग चला ना आत. नियमात कुठेही बसत नाही हे, विद्यार्थिनीची विद्यार्थिनी.

“नियमात बसत नाही रे, पण माझ्यात बसतं.” त्या पायाकडे बघत होत्या. “मला तो पेपर आवडला, मिलिंद. इतका आवडला की मला हसू आलं. का आवडला? चांगला होता म्हणून, की माझ्यासारखा होता म्हणून? आता हे मला कोण सांगणार? स्वतःला ‘ए’ द्यायला कुणाला आवडणार नाही?”

मी त्यांना म्हटलं, पण ही एक पोरगी सोडा, बासष्टवर आणखी मुलं उभी आहेत, त्यांचं काय? पांढरा बो बांधणाऱ्या मुलीने आमच्याकडे दोनदा पाहिलं. “ते खरं आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “ते फार खरं आहे. म्हणून तर दमायला होतं.”

त्या आत आल्या. व्हिटलॉकनी अगदी मनापासून विचारलं की आता अडचण नाही, आपलं मत सांगा, मी ऐकायला तयार आहे. त्या म्हणाल्या की या पेपरवर मी बोलणार नाही. गालिनांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. टेबलाखाली काहीही वाजलं नाही. व्हिटलॉकनी सही केली, आणि त्या वर्षी रशियनची ‘ए’ त्रेसष्टला सुरू झाली.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. जेसला ‘ए’ मिळाली, आणि ती सीमेच्या आसपासही नव्हती, चांगली आठ-नऊ गुण वर होती. विजयाताईंनी फोन केला. म्हणाल्या, जेसचं झालं. मी अभिनंदन केलं. हो, म्हणाल्या. तिच्या बापाने शाळेत येऊन मिठाई म्हणून बिस्किटांचा पुडा दिला, म्हणाल्या. आणि मग नेहमीसारखंच, दमलेय.

सप्टेंबरअखेर त्यांच्या पिनरच्या घरी निवृत्तीची छोटीशी पार्टी झाली. बटाटेवडे, सोलकढी, गालिनांनी आणलेला काळा ब्रेड आणि लोणच्यातल्या काकड्या. व्हिटलॉक सोलकढीला सूप समजून चमच्याने पीत होते. कुणी काही सांगितलं नाही, ते इतके खूश होते. विजयाताईंचे यजमान सोफ्यावर बसून सगळ्यांना हॅरोतल्या जुन्या दुकानांची नावं विचारत होते. आणि कॅरोलाइन आली होती, उत्तरेकडून चार तास गाडी चालवत. पन्नाशीकडे झुकलेली, पिकलेल्या केसांची, विजयाताईंना अजूनही ‘मिस’ म्हणणारी.

ती वाईट बातमी सांगायला आलेली नव्हती. गप्पांच्या ओघात, हातात वडा घेऊन, ती आपल्या यंदाच्या एका मुलीबद्दल सांगू लागली. इतक्या वर्षांत अशी हुशार मुलगी आली नव्हती. एका गुणाने ‘ए’ हुकली. हवी ती जागा गेली, दुसरीकडे मिळाली, तिथेही रशियन घेतलंय, पण उत्साह उरला नाही. ती मला सारखं विचारते, कॅरोलाइन म्हणाली, की माझा निबंध नेमका कुठे कमी पडला, मी ‘ए’ची आहे की नाही. मी तिला एवढंच सांगते की परीक्षकांनी डोळ्यात तेल घालून पाहिलं असणार, त्यांना कळतं. मिस, तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं ना, परीक्षकावर विश्वास ठेवायचा?

व्हिटलॉकचा चमचा थांबला. गालिना काकडीकडे बघत राहिल्या. विजयाताई कॅरोलाइनसमोर उभ्या होत्या, हातात वड्यांचं ताट. संध्याकाळभर सगळ्यांशी त्या इंग्रजीतच बोलत होत्या. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्या खोलीत माझ्याखेरीज आणि सोफ्यावरच्या यजमानांखेरीज कुणालाही न कळणाऱ्या भाषेत, मोठ्याने, त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“अगं, ‘ए’चाच पेपर होता गं तो!”